बाबांच्या पाठीचं माप

मी कडाव सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला आले नाहीत. निमित्त चांगलं होतं. आवणी ऐन भरात होती. राबातली भाताची रोपं उपटायची आणि पाऊस आहे तोवर चिखलात लावून मोकळं व्हायचं, असे ते दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाकडे जात नाही, येत नाही. आजारी पडायचं झालं तरी माणसं आवणी उरकेपर्यंत थांबतात. म्हणून बाबा का आले नाहीत असं गावात कुणी विचारलं नाही. ते का आले नाहीत हे फक्त मला आणि आईला ठाऊक होतं.

रस्त्यावर पाणी आलं होतं आणि एस.टी. कर्जतच्या पुढे येत नव्हती. धाकट्या भावाने, दामूने, बैलगाडी जुंपली. माझी ट्रंक बांबू-पानांच्या इरल्याखाली झाकली. हे पुढे छत्री धरून बसले आणि मी मागे पाय सोडून. (हे म्हणजे माझे यजमान. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव लिहितानाही हात अडखळतो, तेव्हा इथून पुढेही ते 'हे'च राहतील.) आईने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "जा गं यमू. आता मागं बघू नको." मागे तोंड करूनच बसलेल्या माणसाने मागे बघायचं नाही म्हणजे काय करायचं, हे तिने सांगितलं नाही.

गाव संपल्यावर रस्ता जिथे वळतो तिथे आमचं खाचर अगदी रस्त्याला भिडलेलं आहे. लावणारी माणसं ओळीने वाकलेली होती. गाडी दिसली तशी सगळी उभी राहिली, चिखलाचे हात वर केले. बाबा उठले नाहीत. ते तसेच वाकलेले, रस्त्याकडे पाठ करून. वाऱ्याने त्यांचं इरलं एका अंगाला सरकलं होतं आणि भिजलेला सदरा पाठीला चिकटून बसला होता. गाडीचा आवाज त्यांना आला नसेल असं होणं शक्य नव्हतं, कारण ती घुंगरं आमच्याच बैलांच्या गळ्यातली. गाडी वळली आणि ती पाठ दिसेनाशी झाली. पुढे कितीतरी वर्षं बाबा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चेहरा यायचा नाही, ती पाठ यायची.

त्यांच्या रागाचं कारण खोपोली. माझं लग्न ठरवताना त्यांनी पुण्याचं आणि नाशिकचं अशी दोन चांगली स्थळं 'लांब हाय' म्हणून परत पाठवली होती. मग खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेला हा मुलगा सांगून आला आणि बाबा एकदम खूष. "खोपोली म्हंजे आपलं अंगनच," ते सगळ्यांना सांगत सुटले. "सकाळी निघालं का पोरीच्या हातचं जेवून सांजंला घरी." आणि ते खरोखरच यायचे. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसायचे, बरोबर नवे तांदूळ, वालाच्या शेंगा, परसातली काकडी. आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून डोंगरावरून उतरणाऱ्या त्या लठ्ठ नळांकडे बघत राहायचे. "येवढं पानी डोंगरावरनं आनायचं, दिवे लावायचे, नि आमी कडावात रॉकेलच्या नावानं बोंब मारायची," असं एकदा ह्यांना म्हणाले. हे हसले. सासऱ्या-जावयाचं तेव्हा छान जमत होतं.

मग ह्यांच्या जुन्या साहेबांनी ह्यांना उत्तरेकडे बोलावून घेतलं. डोंगरातलं वीजघर, वरची जागा, दोन खोल्यांचा क्वार्टर. गावाचं नाव जोगिंदरनगर. ते कुठे आहे असं बाबांनी विचारलं, तेव्हा ह्यांनी ओटीवर बोटाने रेघ काढून दाखवली. हे कल्याण, ही दिल्ली, हे पठाणकोट, तिथून पुढे छोटी गाडी. बाबांनी दिल्लीपर्यंत ऐकलं आणि उठले. "मी पोर खोपोलीला दिली व्हती," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी सरळ बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं की आईला सांगायचे, आई जवळ नसली तर बैलाला. "सर्ज्या, लोकांना म्हनावं, भात निवतोय." मी आणि सर्ज्या दोघंही ऐकून घ्यायचो.

जोगिंदरनगरला उतरलो तेव्हा तिथेही पाऊस होता आणि तिथेही बायका चिखलात वाकून भात लावत होत्या. फक्त खाचरं डोंगराला पायऱ्यांसारखी टांगलेली. एवढा प्रवास करून पुन्हा कडावलाच आलो की काय, असं मला वाटलं आणि जरा धीर आला. तो धीर थंडी येईपर्यंत टिकला. मग समोरच्या डोंगरांवर बर्फ पडलं, बाटलीतलं खोबरेल गोठून दगड झालं, आणि मी लुगड्याखाली ह्यांचे मोजे घालून चुलीपाशी बसून राहायला लागले. कुणाशी बोलायचं तर भाषा येत नव्हती. रडू यायचं, पण रडायला बाहेर गेलं तर नाक गार पडायचं.

शेजारी फोरमनची बायको राहायची. पंजाबी. सगळी वसाहत तिला बीजी म्हणायची. तिच्या हातात विणायच्या सलाया नाहीत असं मी कधी पाहिलं नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तिची बोटं चालूच. तिने एक दिवस मला दोन सलाया आणि उरलेल्या लोकरीचा एक गोळा आणून दिला आणि शेजारी बसवून घेतलं. सुई मला ठाऊक होती. आमच्याकडे प्रत्येक बाईला गोधडी घालता येते. पण ह्या सुयांना नेढं नव्हतं. टाक्याला ती फंदा म्हणायची. पहिला मफलर मी चार बोटं रुंदीचा सुरू केला आणि संपवला तेव्हा तो इरल्याएवढा रुंद झाला होता, कारण कडेला आपोआप फंदे वाढत होते आणि मला वाटत होतं प्रगती होते आहे. बीजी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "उधेड़ दे, पुत्त," आणि एक टोक धरून सर्रकन ओढलं. माझे इतक्या दिवसांचे कष्ट तिच्या मांडीवर शेवयांसारखे येऊन पडले.

मला सगळ्यात नवल ह्याचंच वाटलं. गोधडीचा टाका एकदा घातला की घातला. गोधडी फाटते, पण टाका जात नाही. इथे बायका अख्खा स्वेटर उसवतात, लोकर वाफेवर धरून सरळ करतात आणि पुन्हा नवा घालतात. नवऱ्याचा स्वेटर मुलाचा होतो, मुलाचा बाळाचा. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी मात्र उसवताना दर वेळी तोंड फिरवायची. पण शिकले. एका थंडीत मोज्याची टाच जमली. दुसऱ्या थंडीत वेणीची वीण, म्हणजे टाके एकमेकांवरून टाकून दोरीसारखा पीळ दिसतो ती. तोपर्यंत घरात भाषाही तशीच विणली गेली होती. माझ्या मुलाला आजही टाका म्हटलं की कळत नाही, फंदा म्हटलं की कळतं.

डोंगरातल्या शाळांना मोठी सुट्टी थंडीत असते, त्यामुळे आमचं कडावला येणं कायम पौष-माघात. पहिल्या खेपेला मी ट्रंकभर मफलर आणि टोप्या घेऊन आले. कडावातली मंडळी हे वाचतील तेव्हा त्यांना आठवेल आणि हसू येईल. आमच्याकडची थंडी ती किती? पहाटे शेकोटी करायची, आणि ऊन वर आलं की सदराही नको होतो. पण लेकीने केलंय म्हणून सगळ्यांनी घातलं आणि मायेने घाम गाळला. दामू माझी टोपी घालून कर्जतच्या बाजाराला गेला, तर त्याला चार जणांनी काय दुखतंय म्हणून विचारलं. मी चिकाटी सोडली नाही. सुतळी घेतली आणि एकेकाची मापं घ्यायला लागले. छातीला गाठ, बाहीला गाठ, उंचीला गाठ. आई, दामू, वहिनी, सगळे हात पसरून उभे राहिले. बाबा ओटीवर दावं वळत बसले होते. मी सुतळी घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. गोठ्याकडे बघून म्हणाले, "काय रं सर्ज्या, तुला पायजे का स्वेटर? हितं काय बर्फ पडतो का काय?" मी सुतळी गुंडाळून ठेवली.

परत गेल्यावर सगळ्यांचे स्वेटर झाले, पण माझ्या मनात एकच होता. बाबांचा. तो त्यांनी एकदा अंगात घातला की माझं जाणं त्यांनी पोटात घातलं, असं मी मनाशी धरून बसले होते. का ते मला सांगता येणार नाही. माणूस दूर असला की असे नवस मनातल्या मनात बोलले जातात.

बीजीने माझ्यासाठी डोंगरातल्या मेंढपाळांकडून हाताने कातलेली लोकर मिळवली. काळपट तपकिरी, घोंगडीच्या रंगाची, मेंढीचा वास आणि तेलकटपणा असलेली. रंगीत काही बाबांनी घातलं नसतं. मी पाठीपासून सुरुवात केली. "माप कहाँ है?" बीजीने विचारलं. मी डोळे मिटले. वळण, खाचर, एका अंगाला सरकलेलं इरलं. हवेत दोन हात धरून म्हटलं, "इतनी." त्या वेळी बीजी हसली नाही. तिने माझ्या हातांमधलं अंतर बघितलं आणि फंदे मोजायला लागली.

अख्खी थंडी त्यात गेली. पुढच्या बाजूला आणि दोन्ही बाह्यांवर मी वेणी घातली. बाह्यांनी फार छळलं. दोन बाह्या सारख्या झाल्या पाहिजेत, वेणीचे पीळ समोरासमोर आले पाहिजेत. मी त्या पुन्हा पुन्हा उसवल्या. शेवटी जमलं असं वाटलं तेव्हा दिसलं की डाव्या बाहीवर कोपराजवळ एक पीळ उलट्या बाजूने पडला आहे. आता मात्र हात थकले होते. राहू दे म्हटलं, बाबा कुठे पीळ तपासत बसणार आहेत. पार्सल केलं. काही दिवसांनी दामूचं कार्ड आलं. स्वेटर पोचला, बाबांनी बघितला. घातला असं त्यात नव्हतं.

पुढच्या प्रत्येक थंडीत मी कडावला आले की आधी शेकोटीकडे बघायची. बाबा उघड्या अंगावर उपरणं घेऊन शेकत बसलेले. आईला विचारलं तर, "हाय गं, ठेवलाय नीट." मग ती चटकन चुलीकडे वळायची. माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. तिला फक्त वळता येतं.

दामूला मुलगी झाली त्या थंडीत मी बाळंतविडा घेऊन गेले. पाळण्यात बाळाच्या डोक्याला एक तपकिरी टोपडं होतं. एका टोकाला चुण्या घालून दोऱ्याने बांधलेलं. त्यावर वेणी होती. आणि बरोबर कपाळावर एक पीळ उलट्या बाजूने पडलेला होता. मी पाळणा धरून उभी राहिले. वहिनीचा चेहरा उतरला. आई कळशी घेऊन पाण्याला गेली, कळश्या भरलेल्या असताना. म्हणजे बाबांनी माझ्या स्वेटरचे तुकडे केले होते. घालायचा नव्हता तर ठेवून द्यायचा, कुणाला द्यायचा; कापायचा कशाला? मी म्हटलं, "छान दिसतं हो टोपडं," आणि पानावर बसले.

बीजीला सांगताना मात्र मी धाय मोकलून रडले. ती म्हणाली, "पुत्त, ऊन है. किसी के सिर पर तो है." (ऊन म्हणजे तिकडे लोकर.) मला ते पटलं नाही. त्यानंतर मी कडावसाठी विणायचं सोडलं. वसाहतीत हव्या त्याला करून दिलं. माझ्या वेणीच्या विणीला तिथे नाव झालं. वरच्या क्वार्टरातल्या साहेबांच्या बायकाही 'मराठी बहनजी'ला विचारत यायच्या. तपकिरी लोकर घेऊन मेंढपाळ दारात आला की मात्र मी नको म्हणायची. कडावला जाणंही हळूहळू विरळ झालं. मुलाचा अभ्यास, ह्यांची ड्यूटी, गाड्यांची गर्दी. कारणं शोधायला गेलं की मिळतात.

मग एका पावसाळ्यात तार आली. आई बांधावरून घसरून पडली, हात मोडला. मी एकटीच निघाले. गाव सोडल्यापासून मी पावसातलं कडाव पाहिलंच नव्हतं, हे कर्जतच्या फलाटावर उतरल्यावर ध्यानात आलं. हिरवा रंग अंगावर आल्यासारखा झाला. घरी पोचले तर आई प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन स्वतःवरच चिडलेली. ऐन आवणीत बसून राहायचं म्हणजे काय! वहिनी, दामू, सगळे शेतात. मी साडीचा कासोटा खोचला. आई म्हणाली, "भाकरी न्यायला कोन नाय. जाशील का गं? का इसारलीस रस्ता?"

टोपली काखेत, वरून इरलं. पाऊस तिरका येत होता, इरलं असून नसल्यासारखं. गाव ओलांडेपर्यंत मी गुडघ्यापर्यंत चिखलात, बाकीची पाण्यात. वळणापाशी आले आणि माझे दात वाजायला लागले. मी, समोर बर्फ बघत चहा पिणारी बाई, कडावात कुडकुडत होते! जोगिंदरनगरच्या थंडीत दार लावता येतं, अंगावर कोरडं असतं, निखारे असतात. इथे ओल्या अंगाने पाण्यात उभं राहायचं आणि मोकळ्या रानावरून वारा येणार. लहानपणी मी स्वतः ह्या चिखलात दिवस दिवस वाकले होते. आवणीचा गारठा हाडांत शिरतो हे मला मुळात ठाऊक होतं. डोंगरात राहून मी ते विसरून गेले होते. थंडी म्हणजे पौष-माघ हे तिकडचं गणित मी इकडे लावत बसले होते.

बाबा त्याच खाचरात होते, तसेच वाकलेले, रस्त्याकडे पाठ. "बाबा, भाकरी," मी हाक मारली. आवाज ओळखला असणार, कारण हातातली रोपं लावून होईपर्यंत ते उठले नाहीत. मग बांधावर आले आणि इरलं उतरवून ठेवलं.

इरल्याखाली तो होता. माझा स्वेटर. बाह्या खांद्यातून गेलेल्या. जिथून कापल्या तिथे आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ दुमडून लावला होता आणि त्यावर गोधडीचे टाके, बारीक, एकाला एक लागून, फिरून फिरून घातलेले. पाठीला आतून मऊ लुगड्याचं अस्तर, तेही गोधडीसारखं टाचलेलं. पावसाने आणि चिखलाने लोकर आटून घोंगडीसारखी घट्ट झाली होती आणि त्यांच्या अंगाचा आकार घेऊन बसली होती. वेणी कुठे आहे ते फक्त मलाच दिसत होतं.

बाबा भाकरी खात होते आणि मी बघत होते. सर्ज्या तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटी त्यांना माझ्याशीच बोलावं लागलं.

"बाह्या कापल्या गं," ते म्हणाले. "रोप लावताना चिखलात बुडायच्या. भिजून ह्या अशा जड. तुझी आई नको नको म्हनत व्हती. मीच इळा घेतला नि कापल्या. तर सगळंच सुटाया लागलं! घाबरलो मी. मंग ती दोन दिस शिवत बसली."

"मग मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? पोरीनं येवढं केलं नि बापानं त्याला इळा लावला?"

"आणि थंडीत का नाही घालत? मी दर वर्षी बघते."

माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की वेडी आहे का ही. "थंडीत कशाला? थंडीत ऊन हाय, शेकोटी हाय. गारठा आवनीला. घोंगडी घेतली तर वाकता येत नाय. ह्यो पाठीला धरून ऱ्हातो. ह्याच्याबिगर मी आता चिखलात उतरत नाय." मग हात धुतले. "फकस्त मागून आखूड हाय. वाकलं का कंबर उघडी पडते," असं म्हणाले, आणि उठून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. रोप लावताना वाकतात तसे वाकले.

"घे माप," म्हणाले.

सुतळी कुठे होती माझ्याकडे? मी हात ठेवला आणि मानेपासून खाली विती टाकत गेले. एवढ्या पावसात ती पाठ उबदार होती. मला रडू फुटलं. ते त्यांना कळलं असणार, कारण तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाले, "नीट मोज. चुकलं का पुन्ना उसवत बसशील."

रात्री जेवताना मी आईला ते सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तू गेलीस त्या दिशी तुझ्या बापानं चिखलनी थांबवून बैल दिलं गाडीला. आवनीत कोन बैल देतो का गं?" मी शेतकऱ्याचीच मुलगी, पण ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी फक्त पाठ पाहिली होती.

त्या थंडीत बीजीच्या शेजारी बसून मी जे विणलं तसं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. बाह्या नाहीत. पुढून आखूड, पाण्याला लागू नये म्हणून. मागून लांब, वाकलं तरी कंबर झाकणारी. पाठीला लोकर दुहेरी. "ये क्या चीज़ है?" तिने विचारलं. "न आगे पूरी, न पीछे पूरी." कडावात तिला आवणीची बंडी असं नाव पडलं. बाबांची बघून दामूने मागितली, मग वहिनीने, मग आमच्याकडे लावायला येणाऱ्या वाडीवरच्या ठाकरीण बायांनी. पूर्वी मी दर थंडीत स्वतःला एक नवी वीण शिकायची असं ठरवायची. ते सुटलं. तेव्हापासून दर थंडीत बंड्या, आणि ज्येष्ठात पार्सल. साधी वीण, सुलट-उलट. वेणी नाही, काही नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे असं मला वाटतं.

बाबा गेले तेव्हा माझी गाडी दिल्लीच्या अलीकडेच होती. लांब राहणाऱ्यांचं हे असंच होतं, त्यावर काय बोलायचं. गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे देऊन टाकतात. वहिनीने तो पहिला स्वेटर तेवढा बाजूला काढून ठेवला होता. "वन्सं, ह्यो तुमचाच," ती म्हणाली. मी तो इकडे आणला. बीजी आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. पण तिने लोकर बोटात धरून बघितली आणि म्हणाली, अजून जीव आहे, उसवून टाक, एखाद्या नातवंडासाठी काहीतरी विणता येईल. ते तिच्या रीतीला धरून होतं. मी कात्री घेतली, हिरव्या काठावरच्या आईच्या टाक्यांपाशी नेली, आणि कात्री पुन्हा खणात ठेवली. सकाळी निखारे पेटवताना मी तो अंगात घालते. मला ढगळ होतो.

कडावकरांनो, तुमच्यातले जे मागे राहिलात ते मला विचारता, आता परत कधी येणार. जे माझ्यासारखे बाहेर पडलात ते विचारता, तिथेच का राहत नाही. ह्यांची नोकरी आता थोडी राहिली आहे, मग क्वार्टर सोडावा लागेल. हे खोपोली म्हणतात, मुलगा इथेच राहू म्हणतो. आमचं ठरलेलं नाही. आपलं घर इथेही नाही आणि तिथेही नाही असं बाहेर पडलेली माणसं सुस्कारा टाकून म्हणतात. मी ते म्हणणार नाही. कुणाला थंडी कधी वाजते हे मला ठाऊक आहे. कडावात कधी वाजते ते ठाऊक आहे, आणि बीजीचे गुडघे कुठल्या महिन्यात धरतात तेही. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला बेघर कसं म्हणायचं?

ह्या वर्षी दामूने नव्या बंडीसाठी सुतळीवर माप घेऊन पाठवलं. जुनी आता अंगाला होत नाही म्हणे. मी सुतळी ताणून तिच्यावर विती टाकल्या आणि थांबले. पुन्हा टाकल्या. त्या दिवशी पावसात बांधावर जेवढ्या भरल्या होत्या, तेवढ्याच भरल्या.

परवा पार्सल घेऊन पोस्टात गेले. काउंटरवर नवीन बाबू होता. वरचा पत्ता वाचला, आत काय आहे ते विचारलं आणि हसला. "बहनजी, जून में ऊन? बंबई की तरफ़ तो इस वक़्त पसीना छूटता होगा."

"नहीं जी," मी म्हटलं, "हमारे यहाँ ठंड अब पड़ेगी."

मग पावती घेतली आणि घरी आले.